गारपिटीचा पूरक विमा : छपराचा खर्च कोणाच्या अंगावर?

नोकरी-व्यवसायानिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक बांधवांनी डॅलस, ह्यूस्टन, डेन्व्हर अशा शहरांत स्वतःची घरे घेतली आहेत. तेथे घर घेताना विमा उतरविणे जवळपास अटळ असते. कारण घरासाठी पैसा पुरविणारी संस्था विम्याचा कागद पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा करीत नाही. गारपिटीच्या पट्ट्यात मात्र या घरमालकांपुढे विमा एजंट आणखी एक कागद ठेवतात. तो असतो गारपिटीच्या पूरक विम्याचा. घराचा विमा आधीच असताना हा दुसरा विमा कशाला, त्याने नेमके काय भरून निघते आणि तो घ्यावा की घेऊ नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. घरात गुंतलेला पैसा पुष्कळदा इकडच्या कुटुंबाचाही असतो, त्यामुळे महाराष्ट्रात बसलेल्या आई-वडिलांनाही हा विषय परका नाही. म्हणून आज आम्ही तो थोडा सविस्तर मांडीत आहोत.

आमचे सांगणे थोडक्यात असे की, या पूरक विम्याने छपराचा नव्याने विमा उतरत नाही. मुख्य पॉलिसीने नुकसानीचा जो हिस्सा घरमालकाच्या अंगावर ठेवलेला असतो, त्या हिश्श्याचा हा विमा होय. तो हिस्सा किती हे ज्याने आधी मोजले नाही, त्याला पूरक विमा स्वस्त की महाग हे कळण्याचा मार्गच नाही.

गारा आणि तेथील छप्पर

आपल्याकडे घराला स्लॅब, कौले किंवा पत्रे असतात. अमेरिकेतील बहुतेक घरांवर लाकडी सांगाड्याचे उतरते छप्पर असते आणि त्यावर डांबरी शिंगल ठोकलेले असतात. शिंगल म्हणजे काचतंतूच्या जाळीवर डांबराचा थर आणि त्यावर बारीक खडी दाबून तयार केलेल्या पट्ट्या. नवे असताना हे छप्पर चांगले टिकते. पण ऊन, थंडी आणि वारा खाऊन डांबर कडक होत जाते आणि मग गारेचा मार त्याला सोसत नाही.

टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, कोलोरॅडो या राज्यांत वसंत ऋतूपासून उन्हाळ्यापर्यंत मोठ्या गारा पडतात. एक इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाची गार पडली की अमेरिकेचे हवामान खाते त्या वादळाला तीव्र वादळ मानते. आजवर तेथे नोंदलेली सर्वांत मोठी गार साउथ डकोटा राज्यातील व्हिव्हियन या गावी २३ जुलै २०१० रोजी पडली. तिचा व्यास ८ इंच आणि वजन सुमारे ८८० ग्रॅम होते. एवढी गार विरळाच. पण दीड-दोन इंचांची गारही जुन्या शिंगलला पुरेशी असते. खडी निघून जाते, आतील जाळीला चीर पडते. खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि काही महिन्यांनी दिवाणखान्याच्या छतावर ओलीचा डाग उमटतो. एका छपराचे पाणी थांबवायला थोडी डागडुजी पुरते, परंतु मार सर्वत्र बसला असेल तर सगळे छप्पर बदलावे लागते आणि त्याचे बिल हजारो डॉलरचे असते.

हिस्सा अंगावर कसा आला?

विम्यात वजावट नावाची एक अट असते. नुकसानीतील पहिली ठरावीक रक्कम घरमालकाने सोसावयाची आणि त्यापुढची कंपनीने द्यावयाची. ही वजावट पूर्वी सर्रास पाचशे किंवा हजार डॉलर अशी ठोक असे. पुढे गारपिटीचे दावे कंपन्यांना जड जाऊ लागले. ५ मे १९९५ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे एक मोठा जाहीर उत्सव चालू असताना मोसंबीएवढ्या गारा पडल्या. त्या वादळाने फोर्ट वर्थ-डॅलस भागात सुमारे दोन अब्ज डॉलरचे नुकसान केले. १२ एप्रिल २०१६ रोजी सॅन अँटोनियोत झालेल्या गारपिटीने विमा कंपन्यांना एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा भार पडला. ८ मे २०१७ रोजी डेन्व्हर परिसरात हाच आकडा सुमारे २.३ अब्ज डॉलरवर गेला.

अशा अनुभवांतून कंपन्यांनी वारा आणि गारपीट यांसाठी वेगळी वजावट ठेवली आणि ती टक्केवारीत बांधली. येथेच घरमालकाची फसगत होते. एक किंवा दोन टक्के म्हटले की रक्कम किरकोळ वाटते. परंतु हे टक्के नुकसानीवर काढलेले नसतात. ते घराच्या संपूर्ण विमा रकमेवर काढलेले असतात.

उदाहरण घेऊ. घराची विमा रक्कम ४,००,००० डॉलर आहे आणि वजावट २ टक्के. म्हणजे ८,००० डॉलर. गारपीट झाली, छप्पर बदलण्याचा खर्च २०,००० डॉलर आला. कंपनी १२,००० देणार आणि ८,००० घरमालकाने उभे करावयाचे. हीच वजावट १,००० डॉलरची ठोक असती तर कंपनीने १९,००० दिले असते. बिल ६,००० डॉलरचेच असेल तर या दोन टक्क्यांच्या पॉलिसीतून एक डॉलरही मिळणार नाही.

घसाऱ्याची दुसरी खाच

वजावट ही झाली पहिली खाच. दुसरी घसाऱ्याची. छपराची भरपाई दोन प्रकारे ठरते. एका प्रकारात नवे छप्पर बसविण्यास जो खर्च येईल तो धरला जातो. दुसऱ्या प्रकारात छपराच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून उरलेली किंमत धरली जाते. जुन्या छपरांच्या बाबतीत दुसरा प्रकार वाढत चालला आहे. काही पॉलिसींत तर छपराच्या वयाप्रमाणे किती टक्के मिळतील याचा तक्ताच जोडलेला असतो.

वरच्याच घराचे छप्पर निम्मे झिजलेले धरले, तर २०,००० च्या बिलातून घसारा १०,००० गेला. उरलेल्या १०,००० मधून वजावटीचे ८,००० गेले. कंपनीचा धनादेश २,००० डॉलरचा आणि घरमालकाच्या खिशातून १८,०००. पॉलिसी चालू आहे, हप्ते वेळेवर भरलेले आहेत, कंपनीने काही नाकारलेले नाही. तरीही बिलाचा दहावा हिस्साच हाती आला. असा धनादेश हाती पडतो तेव्हा अनेकांना आपली पॉलिसी प्रथमच नीट कळते.

नव्या किमतीची पॉलिसी असली तरी कंपनी सामान्यतः आधी घसारा वजा करून पैसे देते आणि काम पुरे झाल्याची बिले दाखविल्यावर राखून ठेवलेली रक्कम सोडते. ठराविक मुदतीत काम केले नाही तर ती रक्कम बुडू शकते. तेव्हा पहिला धनादेश घरखर्चात वापरून छप्पर ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणे महागात पडते.

पूरक विम्याचे तीन प्रकार

आता पूरक विम्याकडे वळू. या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि एजंटच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ होते.

पहिला प्रकार वजावट भरून देणाऱ्या स्वतंत्र पॉलिसीचा. मुख्य पॉलिसीची वजावट ८,००० असेल तर ही पॉलिसी ती जणू १,००० वर आणते आणि मधले ७,००० देते. आमच्या पहिल्या उदाहरणात मुख्य कंपनीचे १२,००० आणि पूरक पॉलिसीचे ७,००० मिळून १९,००० झाले. घरमालकाचे १,००० गेले. दुसऱ्या उदाहरणात मात्र २,००० आणि ७,००० मिळून ९,००० च होतात आणि ११,००० अंगावर राहतातच. कारण ही पॉलिसी वजावट भरते, घसारा भरीत नाही. जुन्या छपराच्या मालकाने हे विशेष ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रकार मुख्य पॉलिसीलाच जोडल्या जाणाऱ्या पुरवणीचा. जादा हप्ता घेऊन कंपनी छपराचा घसारा धरणे सोडून देते. ही पुरवणी सामान्यतः छप्पर फार जुने होण्याआधीच मिळते. घसाऱ्याची खाच हिनेच बुजते, पण वजावट तशीच राहते.

तिसरा प्रकार नवा आहे. यात घराच्या पत्त्यावर किती मोठी गार पडली हे रडार आणि हवामानाच्या नोंदींवरून ठरविले जाते. ठरलेल्या आकाराची गार पडली की ठरलेली रक्कम मिळते. बिलांची तपासणी नसते किंवा थोडी असते. पैसा लवकर हाती येतो हा याचा गुण. दोष असा की करारात दोन इंच लिहिले असेल आणि नोंद पावणेदोनची झाली, तर छप्पर फुटूनही काही मिळत नाही.

सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

मुख्य कंपनीने दावा मंजूर केला तरच पूरक पॉलिसी लागू होते काय? नुकसान वजावटीपेक्षा कमी असल्यामुळे मुख्य कंपनीने काहीच दिले नाही, तर पूरक पॉलिसी पैसे देईल काय? काही पॉलिसी देतात, काही देत नाहीत. सारे तिच्या शब्दांवर अवलंबून असते.

रक्कम प्रत्येक वादळाला मिळते की वर्षाला एकदाच? एका मोसमात दोनदा गारपीट होणे त्या भागात नवलाचे नाही.

मुख्य पॉलिसीची विमा रक्कम नूतनीकरणाच्या वेळी वाढली तर काय? बांधकाम महागले की कंपनी विमा रक्कम वाढविते. ४,००,००० चे ४,५०,००० झाले की दोन टक्क्यांची वजावट ९,००० होते. पूरक पॉलिसीची मर्यादा ७,००० च राहिली तर घरमालकाचा हिस्सा १,००० वरून २,००० वर गेला. म्हणून दोन्ही पॉलिसी दरवर्षी शेजारी ठेवून वाचाव्यात.

कंपनी राज्याच्या हमी निधीखाली येते काय? अशा पॉलिसी पुष्कळदा ‘सरप्लस लाइन्स’ या वर्गातील कंपन्या विकतात. त्या बेकायदेशीर नव्हेत. परंतु अशी कंपनी बुडाल्यास टेक्साससारख्या राज्यात हमी निधीचे संरक्षण मिळत नाही.

नुसते पोचे पडले तर? पत्र्याच्या छपराला पोचे पडले पण पाणी गळत नाही, अशा नुकसानीला ‘केवळ दिसण्यातील दोष’ म्हणून वगळणारे कलम अनेक पॉलिसींत असते.

हेही लक्षात ठेवावे की, वादळाचा इशारा आल्यावर कंपन्या नवी पॉलिसी देणे थांबवितात आणि जुने नुकसान भरून मिळत नाही. पॉलिसी घेतेवेळी छपराची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवल्यास पुढचा वाद टळतो.

हप्ता परवडतो काय?

हिशेब साधा आहे. पूरक पॉलिसीने जास्तीत जास्त ७,००० मिळणार असतील आणि वर्षाचा हप्ता ५०० डॉलर असेल, तर चौदा वर्षांत भरलेला हप्ता भरपाईएवढा होतो. तेवढ्या काळात आपल्या वस्तीत छप्पर बदलण्याजोगी गारपीट किती वेळा होते, हे शेजाऱ्यांना आणि जुन्या छप्परवाल्यांना विचारून अंदाज घेता येतो. ज्याच्याजवळ आठ हजार डॉलर बाजूला पडलेले आहेत त्याने हप्त्याची रक्कम स्वतःच साठविणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरेल. ज्याची सारी पुंजी घराच्या पहिल्या भरण्यात गेली आहे, त्याच्यासाठी हाच हप्ता क्रेडिट कार्डावरील व्याजाच्या खाईतून वाचविणारा ठरू शकतो.

तिसरा मार्ग मजबूत छपराचा. शिंगलच्या मजबुतीची एक चाचणी आहे. तीत दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. शिंगलला चीर गेली नाही तर त्याला चौथा, म्हणजे सर्वांत वरचा दर्जा मिळतो. असे छप्पर बसविले तर टेक्सासमध्ये अनेक कंपन्या हप्त्यात सूट देतात. छप्पर कधीतरी बदलावयाचेच असेल तेव्हा थोडा जादा खर्च करून हा दर्जा घेणे आम्हांला सर्वांत पसंत आहे. फक्त सुटीच्या बदल्यात पोच्यांचे ते कलम पॉलिसीत शिरले नाही ना, एवढे पाहावे.

‘वजावट आम्ही सोसू’ म्हणणारे ठेकेदार

गारपीट झाल्यावर दुसऱ्याच दिवशी परगावचे ठेकेदार दारोदार फिरू लागतात. ‘तुम्हांला वजावट भरावी लागणार नाही, आम्ही सांभाळून घेतो,’ असे सांगतात. सांभाळून घेणे म्हणजे विमा कंपनीला बिल फुगवून दाखविणे. टेक्सासने २०१९ साली कायदा करून, ठेकेदाराने वजावट माफ करणे किंवा स्वतः भरणे हा गुन्हा ठरविला. वजावट खरोखर भरल्याचा पुरावाही कंपनी मागू शकते. पूरक पॉलिसीचे पैसे ही वेगळी गोष्ट आहे. ते कायदेशीर कराराने मिळतात. खोटे बिल कायद्याने गुन्हा आहेच, आणि आपल्या दीनच्या दृष्टीने ती खियानत आहे. परदेशात नाव मिळविलेल्या माणसाने सात-आठ हजार डॉलरसाठी त्यात पडू नये.

शरीअतची बाजू

आमच्या वाचकांच्या मनात हा प्रश्न पहिल्यापासून असणार याची आम्हांला जाणीव आहे. डिसेंबर १९८५ मध्ये जिद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकॅडमीने ठरविले की, ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा करार त्यातील मोठ्या अनिश्चिततेमुळे, म्हणजे गररमुळे, निषिद्ध आहे आणि देणगी व परस्पर साहाय्यावर उभा असलेला सहकारी विमा हा त्याला पर्याय आहे. तकाफुल कंपन्या याच विचारातून निघाल्या. मलेशियाने तर १९८४ सालीच त्यासाठी कायदा केला होता.

जेथे पर्याय नाही आणि विमा सक्तीचा आहे, तेथे अनेक उलेमा गरज म्हणून मुभा देतात. येथे एक फरक आम्ही नमूद करू इच्छितो. पैसा पुरविणारी संस्था मुख्य पॉलिसीची सक्ती करते. वजावट भरून देणारी पूरक पॉलिसी सहसा ऐच्छिक असते. म्हणून मुख्य पॉलिसीसाठी मिळालेली मुभा पूरक पॉलिसीला आपोआप लागू होते असे धरून चालू नये. गारेच्या आकारावर पैसे देणाऱ्या तिसऱ्या प्रकारात तर नुकसान न होताही रक्कम मिळू शकते, तेव्हा त्याचा प्रश्न आणखी नाजूक आहे. हे ठरविण्याचा अधिकार आमचा नाही. पॉलिसीचे कागद घेऊन जाणकार आलिमांना विचारावे.

गारपिटीच्या विम्याचे मूळ परस्पर साहाय्यात आहे, हे मात्र सांगण्यासारखे आहे. जर्मनीतील मेक्लेनबर्ग प्रांतात १७९७ साली जमीनदारांनी पिकांसाठी परस्पर गारपीट विमा संस्था काढली. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील तंबाखूच्या शेतकऱ्यांनी १८८० साली तसेच केले. सर्वांनी थोडे थोडे घालावयाचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला द्यावयाचे, ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही.

मग एखाद्या शहरातील जमातीने असा निधी काढला तर? येथे सावध राहिले पाहिजे. गारपीट एका घरावर पडत नाही, वस्तीवर पडते. एकाच शहरातील पन्नास घरांनी जमविलेला निधी एका संध्याकाळी पन्नास दावे आले तर पुरणार नाही. त्याला दूरदूरच्या शहरांतील सभासद हवेत आणि राज्याच्या विमा कायद्याची परवानगीही हवी. मात्र कर्जे-हसना निधी हा मार्ग मोकळा आहे. वजावटीपुरती रक्कम बिनव्याजी मिळाली आणि ती दोन वर्षांत फेडली, तर जुना निधी पुन्हा भरतो आणि कोणी व्याजात अडकत नाही.

आपल्याकडे काय?

फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपीट विदर्भ, मराठवाड्यातील वाचक विसरलेले नाहीत. पिकांबरोबर घरांची कौले आणि पत्रेही गेले होते. भारतात १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी देणे बंधनकारक झाले आहे. तीत वादळ, चक्रीवादळ, पूर यांचे नुकसान समाविष्ट आहे. गारेने फुटलेले पत्रे वादळाच्या कलमात धरले जातील काय, हे मात्र घेतानाच कंपनीकडून लेखी घ्यावे.

अमेरिकेतील बांधवांना आमची सूचना एवढीच की, पूरक विम्याच्या कागदाला हात लावण्यापूर्वी मुख्य पॉलिसीचे पहिले पान काढावे. वारा-गारपिटीची वजावट किती टक्के, ती कोणत्या रकमेवर, छपराची भरपाई नव्या किमतीने की घसारा वजा करून आणि दावा किती दिवसांत करावयाचा, या चार गोष्टी एका कागदावर लिहाव्यात. छप्पर बदलण्याचा अंदाज एखाद्या स्थानिक ठेकेदाराकडून घ्यावा आणि गार उद्याच पडली असे समजून वजाबाकी करावी. जी रक्कम उरेल ती घरात उपलब्ध असेल तर दुसऱ्या विम्याची घाई नको. नसेल तर तिची सोय आभाळ निरभ्र असतानाच करून ठेवावी.